दुःखातून वाट काढणाऱ्या रमाबाई

तळोज्यासारख्या नव्या वसाहतीत घरातलं माणूस गेलं, की तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी परततात. शेजाऱ्यांशी फारशी ओळख नसते आणि रात्री सोबतीला मोबाइल तेवढा उरतो. अशांसाठी आता ऑनलाइन स्व-मदत उपचार निघाले आहेत. त्यांतला मुख्य भाग असतो लिहिणं आणि हळूहळू कामाकडे वळणं. हीच वाट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाई रानडे चालल्या होत्या.

रमाबाई देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच गेली होती आणि वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं काही चाललं नाही. रानड्यांनी रमाबाईंना लिहा-वाचायला शिकवलं, पुढे इंग्रजीही. घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या. हेच शिक्षण पुढे त्यांच्या कामी आलं.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे मुंबईत वारले. पदरी मूल नव्हतं. रमाबाई पुण्याच्या घरी परतल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर पडल्याच नाहीत. मग हळूहळू त्या तुरुंगातल्या स्त्रियांना भेटायला जाऊ लागल्या. पतीची धर्मपर व्याख्यानं त्यांनी प्रसिद्ध केली. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथे अनेक विधवांना शिक्षण मिळालं, परिचारिकेचं कामही शिकता आलं. १९१० मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

पतीच्या मृत्यूपासून पुस्तकापर्यंत नऊ वर्षं गेली, हे लक्षात घ्यायला हवं. दुःखाला ठरावीक मुदत नसते आणि शोक हा मुळात आजार नव्हे. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना तशीच राहिली, रोजचे व्यवहार अडू लागले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. त्यावर उपचार लागतो.

असा एक उपचार झुरिच विद्यापीठातील संशोधकांनी इंटरनेटवरून करून पाहिला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं लिहायचं. आधी मृत्यूच्या त्या प्रसंगाबद्दल, मग मनातल्या अपराधी भावनेबद्दल, शेवटी पुढच्या आयुष्याबद्दल. सहभागी लोकांचा त्रास लक्षणीय कमी झाला. पण त्यांचं लिखाण तज्ज्ञ वाचत आणि उत्तर देत, हे विसरू नये.

रमाबाईंनाही वाचणारी, सोबत काम करणारी माणसं मिळाली. म्हणून वही किंवा ॲप जरूर वापरा, पण लिहिलेलं एका तरी विश्वासू माणसाला दाखवा. झोप, भूक हरपली असेल तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर ॲपवर विसंबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.