दीपसंग्राहक पद्मश्री कै. दिनकर गंगाधर केळकर

देवपूजेच्या आरंभी कलश, शंख, घंटा व दीप यांचे पूजन करण्याची आपली परंपरा आहे. देवाआधी देवाच्या उपकरणांना गंध, अक्षता व पुष्प वाहिले जाते. आषाढ अमावास्येस तर घरातील सर्व दिवे घासून-पुसून पाटावर मांडले जातात व त्यांचीच पूजा होते. छत्तीसगडच्या सीमेलगत वसलेल्या देवरी परिसरातील भाविकांना नवरात्रातील मनोकामना ज्योतींमुळे दिव्याचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. अशा दिव्यांच्या व पूजासाहित्याच्या जतनासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या पुण्याच्या कै. दिनकर गंगाधर तथा काकासाहेब केळकर यांचा हा अल्प परिचय.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. मन मात्र काव्यात व इतिहासात रमलेले. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या. इतिहासाच्या याच ओढीतून १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तू जमवू लागले.

तो काळ घरोघरी बदल घडण्याचा होता. विजेचे दिवे आले आणि समया, लामणदिवे अडगळीत गेले. पुढे तांब्या-पितळेच्या भांड्यांची जागा स्टीलने घेतली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यापुढे हात जोडले गेले, त्या वस्तू मोडीत निघून वजनावर विकल्या जाऊ लागल्या. एकदा भट्टीत गेलेली वस्तू पुन्हा मिळणार नाही, हे जाणून काकासाहेब गावोगाव हिंडले. पदरचे पैसे खर्चून त्यांनी समया, निरांजने, पंचारत्या, दीपलक्ष्मी, घंटा, देवमूर्ती अशा वस्तू मिळविल्या. त्यांबरोबरच अडकित्ते, वाद्ये, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी अशा नित्याच्या वापरातील वस्तूंनाही त्यांनी तितकेच मानाचे स्थान दिले. ज्या कारागिरांची नावे कोणी नोंदविली नाहीत, त्यांचे हस्तकौशल्य अशा प्रकारे सुरक्षित राहिले. या कार्यात पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोलाची साथ लाभली.

सर्व सुरळीत चालले असता त्यांच्या संसारावर दुःखाचा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालवयातच निवर्तला. या दुःखाने काकासाहेब खचून गेले नाहीत. आपल्या संग्रहास त्यांनी मुलाचे नाव दिले. पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ ते हेच. संग्रहातील वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक आहे. भारतीय दिव्यांवरील त्यांचा ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

एवढे धन विकले असते तर त्याचे मोल मोठे झाले असते. तथापि काकासाहेबांनी हयातीतच हा सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पोटच्या मुलाच्या नावे जमविलेला ठेवा त्यांनी समाजाच्या लेकरांना दिला. दान या शब्दाचा याहून मोठा अर्थ तो कोणता? १९८० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

देव्हाऱ्यातून निघालेला दिवा संग्रहालयात तेवत नाही, ही खंत एखाद्या भाविकास वाटणे साहजिक आहे. परंतु तो मोडीत गेला असता तर त्याचे दर्शनही उरले नसते. समईच्या दांड्यावरील मोर, घंटेच्या मुठीवरील गरुड किंवा नंदी, दिवा हाती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी ही केवळ नक्षी नव्हे. ज्या हातांनी ती घडविली व ज्या हातांनी ती रोज घासून उजळली, त्या सर्वांची भक्ती तीत साठलेली आहे.

भाविकांनी आपल्या घरातील जुने पूजासाहित्य एकवार पाहावे. ते कोणाच्या काळचे, कोणी आणले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शक्य असल्यास सणावारी ते पूजेत वापरावे. सांभाळणे अशक्यच झाले, तर मोडीत न देता एखाद्या देवस्थानास किंवा वस्तुसंग्रहालयास अर्पण करावे. काकासाहेबांच्या स्मृतीस तेच खरे अभिवादन ठरेल.