मणिभाईंचा गोठा आणि जिनिव्हाचा करार

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्या रित्या होऊ लागतात. ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. मागे राहणाऱ्यांपैकी कित्येकांना गावात धरून ठेवते ती दावणीची एखाददुसरी संकरित गाय. परदेशांशी चालणाऱ्या व्यापारी वाटाघाटींत दुग्धक्षेत्र खुले करण्याची मागणी पुढे येते, तेव्हा पणाला लागते ती हीच गाय. अशी गाय गरिबाच्या दावणीला यावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या मणिभाई देसाई यांचे चरित्र या प्रसंगी आठवणे उद्बोधक ठरेल.

मणिभाईंचा जन्म १९२० साली सुरत जिल्ह्यात झाला. विज्ञानाचा हा विद्यार्थी १९४२ च्या लढ्यात उतरला, तुरुंगात गेला आणि पुढे गांधीजींच्या सहवासात आला. मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे आले. तेथील निसर्गोपचार आश्रमाचा भार त्यांनी मणिभाईंवर सोपविला आणि या गुजराती तरुणाने ते मराठी खेडे आपली जन्माची कर्मभूमी मानली. रोगाचे मूळ बहुधा दारिद्र्यातच असते. त्यामुळे आश्रमाचे कार्य उपचारापाशी थांबले नाही. ते शिक्षण, शेती आणि गोपालन यांपर्यंत विस्तारले.

आश्रमात त्यांनी गीर गायींचा कळप जोपासला. १९६७ साली त्यांनी स्थापिलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने देशी गायींचा होल्स्टीन व जर्सी वंशांशी संकर करण्याचे कार्य अंगावर घेतले. गोवंशाच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हा मार्ग रुचणारा नव्हता. परंतु मणिभाईंची गोसेवा पूजेपुरती नव्हती. गोठविलेले रेत घेऊन तंत्रज्ञ शेतकऱ्याच्या दारी जाऊ लागला. चाऱ्यासाठी सुबाभळीचा प्रसार झाला. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार लाभला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या महिन्याभरात, १५ डिसेंबर रोजी, जिनिव्हा येथे उरुग्वे फेरीच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या आणि शेतमाल जागतिक व्यापाराच्या नियमांत बांधला गेला. दुधाच्या भुकटीवर शून्य आयातशुल्काचे जुने बंधन भारताने स्वीकारलेले होते. आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांमुळेच ते जाणवत नव्हते. हे निर्बंध उठण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा वाटाघाटी करून ६० टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याचा अधिकार मिळवावा लागला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारत ‘आरसेप’ करारापासून दूर राहिला, त्यामागे न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक प्रमुख कारण होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातूनही दुग्धपदार्थ वगळले गेले.

स्वस्त भुकटीने शहरी ग्राहकाचा लाभ होईल, हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. मात्र जेथे सरासरी कळप चारशेहून अधिक गायींचा आणि बहुतेक दूध निर्यातीसाठीच, त्या देशाशी दोन गायींच्या धन्याने बरोबरी करावी, ही स्पर्धा समानांची नव्हे. ग्राहकाचे चार पैसे वाचतील. शेतकऱ्याचा गोठाच मोडेल. एकदा मोडलेला गोठा पुढे भाव वाढले म्हणून उभा राहत नाही.

तथापि, शुल्काची भिंत दूध वाढवीत नाही. ती केवळ अवधी देते. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या, यावरून तो अवधी किती वाया गेला हे दिसते. चारा, पाणी, पशुवैद्यक आणि दुधाला रास्त भाव यांची तजवीज गावातच व्हावयास हवी. वाटाघाटींत गोठा राखणे हे दिल्लीचे कर्तव्य खरे. पण तो राखण्याजोगा करणे हे मणिभाईंचे कार्य होते, आणि ते अपुरेच राहिले आहे.