स्वमग्नता ओळखणारे डॉ. लिओ कॅनर

मूल तीन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, एकच झाकण तासन्‌तास फिरवत बसते. उजनी धरणाकाठच्या गावांत अशा वेळी बोल लागतो तो आईला. असा बोल लावणाऱ्यांत एक मोठा डॉक्टरही होता.

आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात १८९४ साली जन्मलेल्या लिओ कॅनर यांनी १९३० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या मनोविकारांसाठी वेगळा विभाग उभा केला. १९३८ मध्ये मिसिसिपीतील एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या डोनाल्डविषयी त्यांना ३३ पानी पत्र लिहिले. एवढे पत्र डॉक्टरांनी बारकाईने वाचले, हेच विशेष! १९४३ मध्ये डोनाल्डसह ११ मुलांवर निबंध लिहून त्यांनी स्वमग्नता वेगळी ओळखली. ती जन्मजात असल्याचे त्यातच नोंदवले. तरीही पुढे बरीच वर्षे ते आईवडिलांच्या कोरड्या वागण्याकडे बोट दाखवत राहिले. किती घरे त्या अपराधीपणात पोळली असतील! अखेर १९६९ मध्ये पालकांच्याच सभेत त्यांनी पालकांना दोषमुक्त केले.

डोनाल्ड काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद. शेतकऱ्याने त्याला विहीर मोजायला दिली, मक्याच्या ओळी मोजत नांगर धरायला शिकवले. १९४५ मध्ये कॅनर स्वतः तिथे जाऊन हे पाहून आले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला. कॅनर १९८१ मध्ये वारले.

अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला असे मूल आज दाखवता येते.