जांबचा नारायण आणि आस्मानी-सुलतानी

समर्थ रामदास म्हटले की दाढी, कुबडी आणि हातातली माळ असलेले एक चित्र आपल्यापुढे उभे राहते. ते चित्र इतके परिचयाचे झाले आहे की त्यामागचा काळ आपण विसरूनच जातो. मी मराठवाड्यातला, 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या आणि मिलो ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांच्या पिढीतला. म्हणून मला रामदास आठवतात ते आधी दुष्काळातून गेलेला माणूस म्हणून.

आजच्या जालना जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी 1608 साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी बोहल्यावरून तो पळाला आणि नाशिकजवळ टाकळीला येऊन राहिला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंपरेने सांगितलेली टाकळीची ती बारा वर्षे 1632च्या सुमारास संपतात. म्हणजे तपाची अखेरची दोन-तीन वर्षे आणि दख्खनचा महादुष्काळ एकाच वेळचे!

1630 ते 1632 या काळात दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. पाऊस तर गेलाच. पण त्याच वेळी शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. बंजाऱ्यांचे तांडे धान्य वाहत होते, ते मुख्यतः छावणीसाठी. गावांच्या वाट्याला उरले ते उपाशीपण आणि परागंदा होणे. देहूच्या तुकोबांच्या घरातही याच दुष्काळाने पहिल्या बायकोचा बळी घेतला.

राज्यकर्ता अगदीच स्वस्थ बसला होता असे नाही. दरबारी इतिहासकार सांगतो, की बुऱ्हाणपूर आणि इतर ठिकाणी लंगरे उघडली गेली, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले, सुमारे सत्तर लाखांचा सारा माफ झाला. पण ज्या फौजेने धान्य ओढले तिच्याच धन्याने लंगर उघडले होते, आणि ते होते शहरात. दूरच्या खेड्यातल्या माणसाला तिथवर चालत जाण्याचे त्राण कुठून असणार? साऱ्याची सूट मिळाली तरी बैल मेलेल्या शेतकऱ्याला पेरणी करता येत नाही.

यानंतर रामदास बारा वर्षे देशभर पायी फिरले. या उद्ध्वस्त मुलखाचे त्यांनी जे पाहिले ते ‘अस्मानी सुलतानी’ आणि ‘परचक्रनिरूपण’ या त्यांच्या प्रकरणांत उतरले आहे. निसर्गाचा कोप आणि राज्यकर्त्याचा जुलूम एकाच नावात जोडण्यात त्यांची समज दिसते, असे मला वाटते.

1644च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले आणि कामाला लागले. आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत अकरा मारुती उभे राहिले. 1648 साली चाफळचे राममंदिर झाले. ठिकठिकाणी मठ झाले, त्यांवर महंत नेमले गेले. मिरजेच्या मठावर वेणाबाईसारखी विधवा स्त्री बसली. दासबोधात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. भिक्षेच्या निमित्ताने गाव फिरावे, माणसे पारखावीत, आणि कुणी भरभरून आणले तरी मूठभरच घ्यावे, असा त्याचा आशय. उंबरठ्यावर उभा राहणारा शिष्य कुणाच्या घरी चूल पेटली नाही हेही पाहत असणार!

मात्र या कामाला मर्यादा होती, हेही मान्य केले पाहिजे. मठ माणसे जोडू शकत होता. सारा माफ करणे किंवा बैल पुरवणे त्याच्या हाती नव्हते. ते राज्याचे काम. ते शिवाजीमहाराजांनी केले. 1676 साली प्रभावळीच्या सुभेदाराला त्यांनी पाठवलेल्या पत्रात, नडलेल्या रयतेला बैल आणि बियाणे द्यावे, आणि मुद्दल तेवढे तिच्या ऐपतीप्रमाणे सावकाश वसूल करावे, अशी ताकीद आहे. शिवाजी आणि रामदास यांची भेट केव्हा झाली यावर अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. त्या वादात मी पडत नाही. एकाने गावे जोडली, दुसऱ्याने धोरण दिले, एवढे मला पुरेसे आहे. त्याच 1676 साली रामदास सज्जनगडावर राहायला गेले आणि 1682च्या जानेवारीत तिथेच त्यांनी देह ठेवला.

1972 साली हे दोन धागे पुन्हा एकत्र आले. वि. स. पागे यांनी 1965 साली विसापूरला करून पाहिलेली कल्पना सरकारने उचलली. पण काम आणि धान्य मागायला हजारो माणसे रस्त्यावर आली, म्हणून ती टिकली. 1977च्या कायद्याने काम हा हक्क झाला, आणि 2005च्या केंद्रीय रोजगार कायद्यामागेही हा अनुभव होता. लंगरापुढे माणूस हात पसरतो. हजेरीपटावर त्याचे नाव असते. मधे साडेतीनशे वर्षे गेली, ती एवढ्या फरकासाठी.

2012-13 साली जालना पुन्हा टँकरवर जगला. तेव्हा प्रत्येक गावात मला एकच प्रश्न विचारावासा वाटे: टँकर कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण आपल्या गावात कुणाच्या घरी हंडा रिकामा आहे, हे कुणाला ठाऊक आहे?