कर्मवीर अण्णा आणि बोर्डिंगची चूल

रहिमतपूरहून साताऱ्याला गेलात की रयत शिक्षण संस्थेची पाटी दिसते. पाटीवर वडाचे झाड असते. ही संस्था ज्यांनी काढली त्या कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट मी लिहीत आहे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच लिहितो.

अण्णांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरकडच्या कुंभोज गावी झाला. त्यांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातले ऐतवडे बुद्रुक. घरचे लोक जैन. वडील सरकारी नोकरीत होते, म्हणून बदली होईल तशी शाळाही बदलायची. अण्णा लहानपणी लई धीट होते. गावात अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नसत. अण्णांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

पुढे ते कोल्हापुरात शिकायला एका वसतिगृहात राहिले. तेव्हा ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून आत यायला सांगितले. अण्णांनी काही आंघोळ केली नाही. मग ते वसतिगृह सुटले. शिक्षणही इंग्रजी सहावीच्या आसपासच थांबले. मला याचे नवल वाटते, कारण ज्यांनी एवढ्या शाळा काढल्या ते स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते.

नंतर अण्णांनी शिकवण्या घेतल्या. ओगल्यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगराचा माल विकत ते गावोगाव हिंडले. हिंडताना त्यांना एक गोष्ट दिसली. खेड्यातला हुशार पोरगा चौथी झाला की गुरे राखायला जायचा. पुढची शाळा लांब शहरात. फी माफ केली तरी तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय? आमच्या घरी आजी सांगते, तिच्या वेळी पुस्तकापेक्षा भाकरीच महाग होती. अण्णांना हेच कळले होते. म्हणून त्यांनी नुसती शाळा काढली नाही, आधी बोर्डिंग काढले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग निघाले. त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एकाच ठिकाणी राहत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळी हे फार मोठे होते, पुष्कळ लोकांना ते खपत नव्हते. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. पुढे हरिजन सेवक संघाकडून वर्षाला ५०० रुपये मदत मिळू लागली. मी भागाकार करून पाहिला. दिवसाला दीड रुपयासुद्धा होत नाही, आणि जेवणारी पोरे किती!

मग बाकीचे कुठून यायचे? अण्णा झोळी घेऊन दारोदार फिरत. कुणी मूठभर ज्वारी देई, कुणी सुगीला पायली देई. आणि लक्ष्मीबाई होत्या. अण्णांच्या बायको. त्या चांगल्या घरच्या, अंगावर भरपूर सोने घालून आलेल्या. आधी त्यांनाही सोवळेओवळे सोडणे जड गेले. पण मग त्या सगळ्या पोरांची आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपले की एकेक दागिना जाऊ लागला. एकदा अण्णा गावाला गेले होते आणि डब्यात पीठ नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले आणि पोरांना जेवू घातले. हे मी आईला वाचून दाखवले तर ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. त्यांच्याबद्दल पुस्तकात एकच परिच्छेद असतो, तो मला कमी वाटतो.

अण्णा मुलांना फुकट बसून खाऊ देत नसत. पोरे शेतात खपत, खडी फोडत, स्वयंपाक करत आणि शिकत. यालाच कमवा आणि शिका म्हणतात. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर तर त्यांनी शेकडो शाळा काढल्या.

पण १९४८ साली मोठे संकट आले. सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. अण्णा सरकारवर उघड टीका करत, ते काही लोकांना आवडले नाही. शाळा बंद पडायची वेळ आली. तेव्हा खेड्यापाड्यातल्या लोकांनीच धान्य आणि पैसे दिले. शेवटी गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. पुढे १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजाला अण्णांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले.

आता आम्हाला शाळेत पुस्तके फुकट मिळतात आणि दुपारी खिचडी मिळते. तरी ऊसतोडीवाल्यांचा एक मुलगा दिवाळीनंतर आमच्या वर्गात येतो आणि पट्टा पडला की जातो. तो गणितात माझ्यापुढे आहे. त्याच्या गावाकडे अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह असते असे गुरुजी म्हणाले, पण त्याची धाकटी बहीण सांभाळायला कुणी नाही म्हणून आईबाप त्याला बरोबर आणतात. अण्णांनी बहुतेक बहिणीलाही घेऊन ये म्हटले असते.

१९५९ साली अण्णांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. पदवीही दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते पुण्यात वारले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. मी ती अजून पाहिली नाही. यंदाच्या सहलीत अजिंक्यतारा झाला की तिकडे न्या, असे आम्ही गुरुजींना सांगणार आहोत.