लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे भारतीय उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. मुंबई इलाख्यातील बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, उसाचा चरक, पंप अशी शेतीची अवजारे व यंत्रे तयार केली. १९१० साली औंध संस्थानात त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी ही भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक समजली जाते. शेतकऱ्याची जमीन, त्याचे बैल आणि त्याची ऐपत यांना मानवेल असे यंत्र याच देशात तयार करणे, हे त्यांच्या उद्योगाचे मुख्य सूत्र होते.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच घराण्यातील व याच गावचे. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांची जुळणी न्याहाळणे हे त्यांचे दोन आवडीचे विषय होते. घरच्यांचा प्रारंभी विरोध असतानाही थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले.

सुमारे दोन वर्षांनी त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे निदर्शनास आले. काही रंगांमधील भेद त्यांना ओळखता येत नसे. त्यामुळे चित्रकार होण्याचा विचार सोडून देणे त्यांना भाग पडले. मात्र यंत्रांच्या आराखड्यांत रंगांची गरज नसते. त्यामुळे यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास त्यांनी चालू ठेवला. या कौशल्याच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथे शिकवत असतानाच कार्यशाळेतील यंत्रे हाताळून व तांत्रिक पुस्तके वाचून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती.

सायकलींचे दुकान

१८८८ साली दोघा बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल हे त्या काळी अपूर्वाईचे व महागडे वाहन असल्याने गिऱ्हाइकाला ते चालवण्यास शिकवणे आणि त्याची दुरुस्ती करून देणे हाही व्यवसायाचा भाग होता. विकलेली वस्तू वापरायला शिकवण्याची ही पद्धत पुढे नांगर विकताना त्यांच्या कामी आली.

१८९७ च्या सुमारास शिक्षणसंस्थेत वरच्या जागेवर त्यांचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. या अन्यायानंतर लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला आले. सायकलींबरोबरच पवनचक्क्यांची एजन्सीही त्यांनी काही काळ चालवली. परदेशी मालाची दलाली करण्यापेक्षा स्वतःचा माल तयार करावा, या विचाराने त्यांनी लवकरच छोटा कारखाना उभारला.

तत्कालीन शेती व अवजारे

लक्ष्मणरावांच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी त्या भागातील शेतीची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमधील शेती जवळजवळ सर्वस्वी बैलांवर अवलंबून होती. नांगरट, पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट आणि बाजाराला जाणारी गाडी ही सर्व कामे बैल करीत. लाकडी नांगर गावचा सुतार बनवी, त्याचा लोखंडी फाळ लोहार घडवी व शेवटवी, तर मोटेचे चामडे चांभार शिवी. या कामांचा मोबदला बहुधा सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने, म्हणजे बलुत्याने दिला जाई. अवजारासाठी रोख पैसा मोजण्याची सवय सामान्य शेतकऱ्याला नव्हती.

लाकडी नांगर हलका व दुरुस्तीला सोपा होता; परंतु तो माती उकरत असे, उलटवत नसे. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांसारख्या तणांची मुळे खोलवर जातात. ती उपटून काढण्यासाठी खोल नांगरट आवश्यक होती. जनावरांच्या वैरणीचाही प्रश्न होता. ज्वारीचा अखंड कडबा जनावरांपुढे टाकला, तर ती पाने व कोवळा भाग खाऊन जाड धाटे तुडवून टाकतात. दुष्काळी भागात अशी नासाडी परवडणारी नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मुंबई इलाख्यात गुरांची मोठी हानी झालेली होती.

कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर

किर्लोस्कर बंधूंच्या कारखान्यात प्रथम तयार झालेल्या मालात कडबा कापण्याचे यंत्र होते. हाताने चाक फिरवून चालणाऱ्या या यंत्रात कडब्याचे बारीक तुकडे होत. त्यामुळे जनावरे धाटांसह सर्व वैरण खात आणि तीच गंजी अधिक दिवस पुरे. त्यानंतर लक्ष्मणरावांनी परदेशी बनावटीचे नांगर अभ्यासून त्या धर्तीवर लोखंडी नांगर तयार केला. हा नांगर १९०३ च्या सुमारास तयार झाला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते आणि ती नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. शिवाय हा नांगर जड असल्याने तो ओढण्यासाठी भारी जमिनीत एकाहून अधिक बैलजोड्या लागत. त्याची किंमत रोख द्यावी लागे आणि तो मोडला तर गावच्या सुताराला तो दुरुस्त करता येत नसे. त्यामुळे शेतकऱ्यांच्या नकाराला अंधश्रद्धेखेरीज व्यवहारातली कारणेही होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

विक्री सुरू झाल्यावर वेगळीच अडचण पुढे आली. या नांगराचा फाळ विलायती फाळापेक्षा मऊ असल्याने लवकर झिजत असे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी लक्ष्मणरावांनी खऱ्या मानल्या आणि ओतकामाचे अनेक प्रयोग करून फाळाचा कठीणपणा वाढवला. शेतकऱ्यांच्या रानात प्रत्यक्ष नांगरट करून दाखवणे आणि झिजणारे भाग सुटे पुरवणे यांवरही त्यांनी भर दिला. कारखान्यापासून दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याला फाळ बदलून मिळण्याची खात्री वाटू लागल्यावर लोखंडी नांगराविषयीचा संशय हळूहळू कमी झाला.

बेळगावातून स्थलांतर

कारखान्याचा जम बसू लागला असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने ठळकवाडी येथे नवे उपनगर वसवण्यासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. नवी जागा व नवे बांधकाम यांसाठी लागणारे भांडवल लक्ष्मणरावांपाशी नव्हते. या काळात औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना औंध येथील देवळाच्या सभामंडपाचे काम दिले. कारखान्याची अडचण समजल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात येण्याचे निमंत्रण दिले. कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज अशी मदत त्यांनी देऊ केली.

ही जमीन माळरानाची होती. तेथे निवडुंगाचे रान माजले होते, सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याची टंचाई होती. रेल्वेचे सान्निध्य ही एकच मोठी सोय होती. जड अवजारे दूरवर पाठवण्याच्या दृष्टीने ती लक्ष्मणरावांना निर्णायक वाटली.

किर्लोस्करवाडी

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. बेळगावहून आलेल्या सुमारे २५ कामगारांनी आपल्या कुटुंबांसह प्रारंभी साध्या निवाऱ्यांत राहून माळ साफ केला व कारखाना उभारला. अभियंता शंभूराव जांभेकर, व्यवस्था पाहणारे के. के. कुलकर्णी, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आणि कल्पक यंत्रज्ञ अनंतराव फळणीकर हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी वसाहतीतील कुटुंबांची काळजी वाहिली. हे गाव आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. कुंडल रोड स्थानकालाही पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

कारखान्याबरोबरच वसाहतीत घरे, शाळा व पाणीपुरवठा यांची व्यवस्था करण्यात आली. लक्ष्मणराव अस्पृश्यतेचे कडवे विरोधक होते आणि वसाहतीत त्यांनी तिला थारा दिला नाही. शिक्षा भोगलेल्या गुन्हेगारांनाही त्यांनी पहाऱ्याच्या कामावर ठेवले. माणसावर विश्वास टाकला तर तो सुधारतो, अशी त्यांची धारणा होती. पदवीपेक्षा हातातील कसब पाहून माणसे निवडण्याची त्यांची रीत होती. त्यामुळे परिसरातील खेड्यांतून आलेले अनेक तरुण येथे ओतारी, जुळारी व कातारी झाले. लोखंडी अवजारांमुळे सुतार-लोहारांच्या परंपरागत कामाचा काही भाग कमी होत गेला. त्याच वेळी कारखान्यातून धातुकामाचे नवे व्यवसाय या भागात रुजले.

पहिले महायुद्ध व उद्योगाचा विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४-१८) परदेशी मालाची आयात घटली आणि देशी नांगरांची मागणी वाढली. परंतु कारखान्याला लागणारे लोखंडही मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या, निरुपयोगी तोफा कारखान्याला उपलब्ध करून दिल्या. त्या वितळवून मिळालेले लोखंड नांगर बनवण्यासाठी वापरण्यात आले.

१९२० साली उद्योगाचे रूपांतर किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीत झाले. त्याच वर्षी कारखान्याची व मालाची माहिती देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू झाले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्यातून 'किर्लोस्कर' हे मराठीतील नामवंत मासिक विकसित झाले. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही मासिकेही किर्लोस्करवाडीहून निघू लागली.

नांगरापाठोपाठ उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, रहाट, हातपंप अशी उत्पादने बाजारात आली. १९२० च्या दशकात केंद्रोत्सारी पंप व तेलावर चालणारी इंजिने यांचे उत्पादन हाती घेण्यात आले. मोट ओढण्यासाठी दिवसभर राबणाऱ्या बैलांच्या कष्टांना पर्याय मिळाल्याने पंपाचे महत्त्व विशेष होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली पदवी घेऊन परतलेले ज्येष्ठ पुत्र शंतनुराव यांचा या टप्प्यातील वाटा मोठा होता. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांची खरेदी थंडावली. तेव्हा कारखाना चालू ठेवण्यासाठी पोलादी फर्निचर व यंत्रसामग्रीच्या उत्पादनाकडे लक्ष वळवण्यात आले.

१९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यांत्रिक हत्यारांच्या निर्मितीसाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या सुरू झाल्या. या विस्ताराची धुरा मुख्यतः पुढच्या पिढीने वाहिली.

१९४८ ची जाळपोळ व अखेरचा काळ

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. त्यांत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. जवळजवळ चार दशकांच्या श्रमातून उभे राहिलेले काम डोळ्यांदेखत भस्मसात झाले, तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. जातिभेदाला थारा न देण्याच्या निश्चयाने वसवलेल्या गावावर जातिद्वेषातून हा आघात व्हावा, ही या घटनेतील सर्वांत क्लेशकारक बाब होती. तरीही कारखाना बंद न करता त्याच जागी पुन्हा उभारण्यात आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

महत्त्व व स्मृती

लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगराचा मूळ शोध लावला नव्हता. तसे नांगर परदेशातून येतच होते. त्यांचे वैशिष्ट्य असे की, आयात माल विकून नफा मिळवणे शक्य असताना त्यांनी येथील काळ्या जमिनीसाठी आणि बैलांसाठी अवजार घडवले, त्यातील दोष शेतकऱ्यांकडून समजून घेतले आणि दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. भांडवल, पदवी व सरकारी पाठबळ यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी संस्थानिकांच्या साहाय्याने ग्रामीण भागात यंत्रोद्योग रुजवला.

त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारतीय टपाल खात्याने २० जून १९६९ रोजी त्यांचे टपाल तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडी येथील कारखान्यात आजही पंपांचे उत्पादन होते.