विश्लेषण : ‘ध’चा ‘मा’ कोणी केला? रामशास्त्रींनी पेशव्यांच्या खुनाचा तपास कसा केला?

पुण्यात पेशव्यांचा खून होतो. संशय नव्या पेशव्यांवरच असतो आणि तपास करायचा असतो त्यांच्याच न्यायाधीशाला. अडीचशे वर्षांपूर्वीच्या या प्रकरणात रामशास्त्री प्रभुणे यांनी काय केले, याविषयी...

रामशास्त्री कोण होते?
साताऱ्याजवळच्या माहुलीचे. लहानपणी शिक्षण झाले नाही. साताऱ्यात एका सावकाराच्या घरी ते पडेल ते काम करत. मोठे झाल्यावर काशीला जाऊन त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १७५१ मध्ये पेशव्यांच्या चाकरीत आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. थोरल्या माधवरावांच्या काळात त्यांचा दबदबा वाढला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी काय घडले?
माधवरावांच्या निधनानंतर धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले होते. वय अवघे १८. काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. त्या दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेले आणि त्यांना बिलगले. तिथेच त्यांची हत्या झाली. धन्याला वाचवायला आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला.

मग वाद कशाचा होता?
खून कोणी केला, हे उघड होते. प्रश्न होता हुकूम कोणाचा आणि कशासाठी, याचा. रघुनाथराव निर्दोष असल्याचा दावा होता. पण काही गोष्टी त्यांच्या विरोधात जात होत्या. खुनाचा लाभ त्यांनाच झाला. मारेकऱ्यांना शासन होण्याऐवजी पैसा मिळाला. नारायणरावांना ओढून काढणारा तुळाजी पवार तर रघुनाथरावांचाच सेवक होता. दुसरीकडे, ऐनवेळी त्यांनी पुतण्याला सोडून देण्यास सांगितले, पण गारद्यांनी ऐकले नाही, असेही सांगितले जाते.

‘ध’चा ‘मा’ ही काय भानगड?
रामशास्त्रींनी सुमारे सहा आठवडे चौकशी केली. कटात पन्नासच्या आसपास माणसे असल्याचे निष्पन्न झाले. ग्रँट डफच्या इतिहासानुसार, रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेला लेखी हुकूम शास्त्रीबुवांच्या हाती लागला. आपण फक्त धरायला सांगितले होते, असा रघुनाथरावांचा बचाव होता. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याचा ठपका आनंदीबाईंवर आला आणि लोकांच्या तोंडी तो म्हणीसारखा रुळला. मात्र तो कागद आज उपलब्ध नाही. त्यामुळे अक्षर कोणाच्या हातचे, हे ठामपणे सांगता येत नाही.

रामशास्त्रींनी काय ठरवले?
बचाव खरा मानला तरी एक गोष्ट उरतेच. गादीवरच्या पेशव्याला हत्यारबंद गारद्यांकरवी पकडण्याचा कट रघुनाथरावांनी स्वतःच कबूल केला होता. अक्षर कोणीही बदललेले असो, जबाबदारी टळत नव्हती. रामशास्त्रींनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते अमलात आणण्याची ताकद न्यायासनाकडे नव्हती. तेव्हा पद सोडून ते पुण्याबाहेर पडले आणि वाईजवळ जाऊन राहिले.

पुढे काय झाले?
निकाल वाया गेला नाही. नाना फडणवीस आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचून रघुनाथरावांना दूर केले. १७७४ मध्ये जन्मलेल्या नारायणरावांच्या मुलाला, सवाई माधवरावांना, पेशवेपद मिळाले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. हैदरअलीकडे पळालेले तुळाजी पवार आणि खरकसिंग १७८० मध्ये पुण्याच्या ताब्यात आले आणि त्यांना देहदंड झाला.

नव्या राजवटीने रामशास्त्रींना सन्मानाने परत बोलावले. १७८९ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते न्यायदान करत राहिले. शिक्षा झालेले गारदी आज फारसे कोणाला आठवत नाहीत. ज्या आरोपीला शिक्षा देता आली नाही, त्याच्याविरुद्धचा निकाल मात्र महाराष्ट्र विसरलेला नाही.